तिच्या नावाचा पुरस्कार कामाला लागावा म्हणून

घरातली बाई स्तनाच्या कर्करोगाने गेली, की वर्षश्राद्धाच्या आसपास कोणीतरी विषय काढतेच: हिच्या नावाने काहीतरी करायला हवे. शाळेला बाक देऊ, वाचनालयाला कपाट देऊ, अन्नदान करू अशा सूचना येतात आणि त्यात वाईट काहीच नसते. पण अलीकडे मुली, सुना, भाऊ, कधी नवरा यांच्याकडून वेगळी इच्छा ऐकू येते. ज्या आजाराने ती गेली, त्याच आजाराच्या संशोधनाला आपले पैसे जावेत आणि त्या कामावर तिचे नाव असावे. स्मृतिपुरस्काराची कल्पना इथून निघते. हा लेख अशा घरांसाठी आहे. अशा निधींची कागदपत्रे आणि निवडीच्या बैठका यांच्याशी माझा बराच संबंध येतो. चांगल्या हेतूने दिलेला पैसा हारतुऱ्यांत विरून गेलेला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

इच्छा किती योग्य आहे हे सांगायला एवढे पुरे: २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार जणींना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

पहिला निर्णय रकमेचा नसतो. पुरस्कार झालेल्या कामाला द्यायचा की व्हायच्या कामाला, हे आधी ठरवा. आपल्याकडची रीत पहिल्या प्रकाराची. नामवंत सर्जन बोलवायचे, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पंचवीस हजारांचा धनादेश द्यायचा, अध्यक्षांचे भाषण ठेवायचे. ज्यांचा सन्मान होतो ते बहुतेक वेळा त्याला पात्रच असतात. पण त्यांचे काम तुमच्या पंचवीस हजारांवाचून अडलेले नसते. त्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एखादी मुलगी संशोधनाचा प्रस्ताव लिहून बसलेली असते. त्याला लागणारी रक्कम इतकी लहान असते की मोठ्या संस्था त्याकडे बघत नाहीत आणि इतकी मोठी असते की तिच्या खिशातून निघत नाही. तुमच्या घराचा पैसा तिथे गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या संस्थांनी आयुष्यभराच्या कामगिरीचे पुरस्कार जरूर द्यावेत, घराने पुढच्या कामाला हात द्यावा.

स्मृतिनिधी कसा आखावा याचा उत्तम नमुना आपल्या मुंबईतच आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. त्या काळी या रोगावर उपाय नव्हता. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले. परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय उघडले ते नंतर, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. लेडी टाटा मेमोरिअल ट्रस्ट मात्र त्याच्या आधीपासून आजपर्यंत, नव्वदहून अधिक वर्षे, जगभरच्या आणि भारतातल्या संशोधकांना मदत देतो आहे. दोराबजींनी रोग ठरवला, उत्तर ठरवले नाही. अमुक एका उपचारालाच पैसा द्या अशी अट १९३२ साली घातली गेली असती, तर तो उपचार मागे पडल्यावर निधीही तिथेच अडकला असता. ल्युकेमियाची औषधे पुढे कुठून कुठे गेली, याची तेव्हा कोणालाच कल्पना येणे शक्य नव्हते. दुसरे असे, की त्यांनी देशाची सीमा घातली नाही, कारण रोगाला ती नसते. कोणाला पैसे द्यायचे ते तज्ज्ञांनी ठरवले. आपल्या पाच-दहा लाखांच्या निधीलाही हेच नियम लागू आहेत.

अमेरिकेत सुझन कोमेन ही तरुण स्त्री १९८० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी याच आजाराने गेली. तिच्या बहिणीने दोन वर्षांनी तिच्या नावाने संस्था काढली आणि ती पुढे प्रचंड वाढली. प्रत्येक घराने एवढे करावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. एका घराचा लहान निधी नीट लावला तरी त्यातून खरे काम होते.

हे काम कोणते, हा या विषयाचा गाभा आहे. स्तनाच्या कर्करोगावरच्या नव्या औषधांसाठी औषध कंपन्या अफाट पैसा ओततात आणि त्यातून चांगली औषधे आलीही आहेत. पण ज्या प्रश्नाच्या उत्तरातून विकायला काहीच मिळणार नाही, त्या प्रश्नाकडे कंपनी कशाला वळेल? असे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि गरीब देशातल्या बाईच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

टाटा मेमोरिअलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक प्रश्न घेतला. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते. तेवढ्यात काही कर्कपेशी सुटून शरीरात पसरत असतील, तर चिरा देण्याआधी काही मिनिटे गाठीभोवती भुलीचे इंजेक्शन दिल्याने ते थोपवता येईल का? औषध कोणते, तर लिडोकेन, दातांचे डॉक्टर हिरडीत टोचतात तेच. त्याचे पेटंट कधीच संपलेले, किंमत अगदी थोडी. देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांना यात सहभागी करून घेतले आणि निकाल २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आला. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक आकड्यात लहान दिसतो. शंभरात तीन-चार घरांतली आई वाचते, असे म्हटले की तो कळतो.

दुसरे उदाहरण त्याहून जुने. डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तनांची तपासणी करत. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, वीज नाही, डॉक्टरही नाही. वीस वर्षांच्या माहितीवरून २०२१ मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्यांचा आजार आधीच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. सगळ्या वयोगटांत मिळून घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतकी नव्हती, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले.

असे अभ्यास उभे राहतात ते मोठ्या अनुदानांवर. तुमचा निधी ते उभारू शकणार नाही. पण ते कुठे अडखळतात ते बघितले, की लहान निधीची जागा सापडते. सगळ्यात कठीण काम असते पाठपुराव्याचे. शस्त्रक्रिया होऊन बाई गावी जाते. नोंदवहीत तिचा पत्ता आणि मुलाचा मोबाइल नंबर असतो. तीन वर्षांनी तो नंबर बंद असतो. दुसरा नंबर जावयाचा, तो म्हणतो संध्याकाळी करा. संध्याकाळी शेजारीण फोन घेते आणि सांगते, त्या लेकीकडे सुरतेला असतात. हे सगळे फोन करणारी एक मुलगी असते. तिच्यासमोरच्या तक्त्यात शेवटच्या संपर्काची तारीख असा एक रकाना असतो. तो भरला नाही, तर ती बाई बरी आहे, आजार उलटला आहे की ती गेली, हे कोणालाच कळत नाही. संशोधनाच्या हिशेबात ती त्या तारखेलाच थांबते. अशा स्त्रिया वाढल्या की वर दिलेल्यासारखे टक्के काढताच येत नाहीत. फोन करणाऱ्या त्या मुलीचा पगार, लांबून तपासणीला येणाऱ्या रुग्णाचे रेल्वेभाडे, एका रात्रीची मुक्कामाची सोय, या गोष्टींसाठी अनुदानात नेहमीच पैसे कमी पडतात. तुमच्या आईचे किंवा बहिणीचे नाव अशा कामावर असणे मला सर्वांत उचित वाटते.

आणखीही जागा आहेत. हाताला येणारी सूज, केमोथेरपीनंतर पायांत येणारी बधिरता, तरुण वयात पाळी थांबणे, घरच्यांचे वागणे, कामावर परत रुजू होणे या विषयांवर परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका चांगले लहान अभ्यास करू शकतात. एमडी, एमएस्सी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. तपासणीचे नमुने नीट साठवण्याचे काम असते. खारघरचे अॅक्ट्रेक, पुण्यातली आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांच्यासारख्या ठिकाणी प्रयोगशाळा आणि रुग्णसेवा हातात हात घालून काम करतात. तिथल्या तरुणांना परिषदेत निबंध वाचायला जाण्याचा खर्च दिला तरी मोठी मदत होते.

आता पैशाचे बघू, कारण इथे घरोघरी अंदाज चुकतात. समजा तुम्ही १० लाखांचा कायम निधी ठेवला आणि व्याज ७ टक्के धरले, तर वर्षाला ७० हजार मिळतात. पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाचे सरकारी विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे तुमचे वर्षाचे व्याज दोन महिन्यांनाही पुरत नाही. एका कनिष्ठ संशोधकाला वर्षभर पोसायचे तर नुसत्या विद्यावेतनापोटी साधारण ६३ ते ६४ लाखांची ठेव लागेल. त्यामुळे १० लाखांच्या ठेवीवर संशोधनवृत्ती जाहीर करू नका. प्रवास-अनुदान, प्रबंधाला साहाय्य, पाठपुराव्याचा खर्च यांतले एक काहीतरी ठरवा आणि ते पुरेपूर द्या.

महागाईचाही विचार हवा. ती ६ टक्के धरली, तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्म्यावर येते. आज सत्तर हजारांत जे होते ते तेव्हा पस्तीस हजारांएवढेच होईल. व्याजातला काही भाग मुद्दलात टाकत राहणे हा त्यावरचा उपाय. पण सार्वजनिक न्यासाला करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम साधारणपणे उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, हेही ध्यानात असू द्या. ७० हजारांतले साडेदहा हजार मागे ठेवता येतील, त्याहून फार नाही.

म्हणून कायम निधीचा हट्ट सोडून पाहा, असे मी बऱ्याच जणांना सुचवते. मुद्दलाला हात लावायचा नाही ही आपल्या रक्तातली शिकवण. घरखर्चात ती चांगलीच, पण इथे तिने काम लहान होते. तेच १० लाख तीन वर्षांत खर्चून टाकले, तर दरवर्षी सव्वातीन-साडेतीन लाख हाती येतात. म्हणजे महिना अठ्ठावीस हजारांच्या आसपास पगारावर एक पूर्ण वेळ प्रकल्प साहाय्यक तीन वर्षे मिळते. एका बऱ्यापैकी अभ्यासाचा पाठपुरावा तेवढ्यात पुरा होऊ शकतो. शोधनिबंध छापला जातो तेव्हा आभाराच्या परिच्छेदात निधीचे नाव येते आणि तो निबंध जगात कुठेही, कधीही काढून वाचता येतो. दरवर्षी सत्तर हजार देत चाळीस वर्षे तग धरणाऱ्या निधीपेक्षा मला हे अधिक पटते. घरच्यांना कायमचे काही हवेच असेल, तर रक्कम दोन भागांत द्या. मोठा भाग कामाला, लहान भाग ठेवीला.

पैसे कोणाकडे द्यायचे? स्वतःचा ट्रस्ट काढण्याचा मोह होतो. तो शक्यतो आवरा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, आयकर खात्याकडची वेगळी नोंदणी आणि ठरावीक वर्षांनी तिचे नूतनीकरण, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट हे सगळे करत राहावे लागते. पहिली पाच वर्षे उत्साहाने होते. मग एक विश्वस्त वारतो, दुसरा बंगळुरूला जातो, चेंज रिपोर्ट राहून जातो, बँक सह्या मान्य करत नाही आणि निधी गोठतो. त्यापेक्षा चालू असलेले रुग्णालय, संशोधन संस्था किंवा विद्यापीठ निवडा आणि त्यांच्याकडे तिच्या नावाने स्वतंत्र हिशेबाचा निधी ठेवा.

त्यांच्याकडे जाल तेव्हा संकोच न करता विचारा. नावाचा स्वतंत्र निधी ठेवण्याची तुमच्याकडे सोय आहे का, आणि किमान रक्कम किती? त्यातून संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के कापला जातो? दरवर्षी जमाखर्चाचा कागद मिळेल का? एखाद्या वर्षी योग्य अर्ज आला नाही तर पैसे कुठे जातात? निवड कोण करते? आधीच्या अशा एखाद्या निधीतून काय काम झाले ते दाखवाल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत बोलके असते. ज्यांना ते देता येत नाही त्यांच्याकडे घाई करू नका.

करवजावटीसाठी देणगी देत असाल तर दोन गोष्टी बघा. ज्या कलमाला आपण सगळे ८०जी म्हणून ओळखतो, ती वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही नवी प्रणाली निवडली असेल तर मिळत नाही. आणि २,००० रुपयांवर रोखीने दिलेल्या रकमेला ती मुळीच नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या सीएला विचारूनच धनादेश फाडा. संस्थेच्या पावतीवर थांबू नका. आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघणारे देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्या.

यानंतर देणगीपत्र. बहुतेक घरे इथे दोन ओळी लिहून मोकळी होतात आणि पुढे त्या दोन ओळींवरून वाद होतात. मजकूर साधारण असा असावा: "हा निधी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आहे. आजाराची कारणे, निदान, उपचार, उपचारांचे दुष्परिणाम, रुग्णांचा पाठपुरावा आणि त्यांचे आजारानंतरचे जगणे हे सर्व विषय त्यात येतात. रक्कम निवड झालेल्या व्यक्तीच्या संस्थेतील प्रकल्पाच्या खात्यात जमा करावी. कोणत्याही वर्षी योग्य अर्ज न आल्यास रक्कम पुढील वर्षासाठी राखून ठेवावी. पाच वर्षांनी संस्था आणि देणगीदारांचा प्रतिनिधी यांनी निधीच्या वापराचा एकत्र आढावा घ्यावा. हा हेतू पुढे निरुपयोगी किंवा अशक्य झाल्यास संस्थेने त्याच्या सर्वांत जवळचा दुसरा हेतू ठरवावा."

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसले आणि परिस्थिती बदलली, तर हेतू बदलून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. आणि अटी कमी ठेवा. अमुक तालुक्यातलीच, अमुक समाजाचीच, मराठी माध्यमातलीच अशी चाळणी लावत गेलात, की वर्षानुवर्षे अर्जच येत नाहीत.

निवडीत घरच्यांनी बसू नये. ऐकायला कठोर वाटते, कारण पैसा तुमचा, माणूस तुमचे. पण प्रस्तावांतला बरावाईट भाग ओळखायला त्या विषयातला माणूस लागतो आणि तुम्ही समोर असलात की समितीचे लोक मोकळे बोलत नाहीत. तिच्यावर ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनाही बाहेर ठेवा. त्यांच्याविषयी कृतज्ञता असेल तर ती पत्राने कळवा. समितीत एक बाहेरच्या संस्थेचा तज्ज्ञ, एक संख्याशास्त्र जाणणारा आणि हा आजार स्वतः भोगून बरी झालेली एक स्त्री असावी, असा आग्रह मात्र जरूर धरा. बऱ्या झालेल्या स्त्रीला प्रश्न सुचतात ते बाकी कोणालाच सुचत नाहीत. एका बैठकीत अशा बाईंनी अर्जदाराला विचारले, "दर महिन्याला रक्त द्यायला बोलावणार म्हणता, तर तिच्या बुडालेल्या रोजाचे काय?" प्रस्तावात ते कुठेच नव्हते. त्या एका प्रश्नाने खर्चाचा तक्ता बदलला आणि अभ्यास होण्यासारखा झाला.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा मागू नका. काय शोधायचे आहे, ते आजवर का सापडले नाही, पैसे नेमके कशावर खर्च होतील आणि रुग्णाला यातून काय मिळेल, एवढे कळले की पुरे. माणसांवरच्या अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी हवी आणि उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद हवी. ही दोन्ही कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत, असे संस्थेला लेखी कळवा. कर्करोगावर रामबाण सापडल्याचे सांगणारे लोक अशा निधींच्या वासावर असतात. ते बहुधा इथेच गळतात.

वयाची अट शक्यतो घालू नका. पस्तीस वर्षांखालील असे लिहिले की बाळंतपणात आणि घरच्या आजारपणात वर्षे गेलेल्या हुशार मुली आपोआप बाहेर पडतात. शेवटच्या पदवीनंतर प्रत्यक्ष कामाची इतकी वर्षे, असे मोजा आणि मधली सुट्टी वगळा. डॉ. कमल रणदिवे यांचे नाव इथे आठवते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी लग्नानंतर मुंबईत येऊन १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध आपल्याकडे त्यांनी फार आधी अभ्यासला, पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्यासारखी एखादी तुमच्या पुरस्कारासाठी अर्ज करील तेव्हा वयाच्या रकान्याने तिला अडवू नये.

आनुवंशिकतेचा मुद्दा तुमच्या घराशीही येतो आणि तो नाजूक आहे. स्तनाच्या कर्करोगातले शंभरात साधारण पाच ते दहा रोगी घराण्यातून आलेल्या जनुकीय दोषामुळे असतात. आईच्या नावाने या आजाराचा पुरस्कार जाहीर झाला की तिच्या मुलींविषयीही लोक कुजबुजू लागतात, लग्नाच्या बोलणीत तो विषय निघतो. हे योग्य नाही, पण होते. म्हणून नाव जाहीर करण्याआधी प्रत्येक मुलीला आणि बहिणीला एकटीला गाठून विचारा. सगळ्यांसमोर विचारले तर कोणी नाही म्हणणार नाही. एखादीची तयारी नसेल तर नुसत्या पाळण्यातल्या नावाने किंवा निनावी निधी ठेवता येतो आणि त्याने कामात तसूभर फरक पडत नाही. याच वेळी घरातल्या मुलींनी आपल्या डॉक्टरांशी स्वतःच्या तपासणीविषयी बोलून घ्यावे. आई किंवा बहीण लहान वयात गेली असेल, किंवा एकाहून अधिक जणींना आजार झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन जरूर घ्यावे.

पुरस्काराच्या पत्रकात तिच्याविषयी चार ओळी लिहाव्या लागतात. तिथे आजाराशी झुंज, असामान्य धैर्य असे लिहू नका. ती काय होती ते लिहा: तीस वर्षे गणित शिकवले, भजनी मंडळाचा हिशेब ठेवला, गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवले. पुरस्कार घेणारी मुलगी ते वाचते आणि तिला आपण कोणाच्या नावाचे पैसे घेतले ते कळते.

कार्यक्रम ऑक्टोबरात ठेवू नका. त्या महिन्यात सगळ्यांचेच गुलाबी फितींचे कार्यक्रम असतात, डॉक्टर पळत असतात आणि सभागृहे मिळत नाहीत. तिचा वाढदिवस चांगला. सभागृहाऐवजी त्या विभागातल्या खोलीत, तिथे काम करणाऱ्यांसमोर, अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपता येतो. आधीच्या वर्षीच्या मानकऱ्याने दहा मिनिटे आपले काम सांगावे. नारळ-शालीचे पैसे वाचतात ते एका रुग्णाच्या प्रवासाला लागतात.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनाही हातभार लावायचा असतो. इथे कायदा नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी ही परकीय देणगी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी त्याचे पैसे परकीय देणगीच ठरतात. ते घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी नियमन कायद्याखालची म्हणजे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही. म्हणजे न्यू जर्सीच्या भावाने घरच्या ट्रस्टला पैसे पाठवायचे आणि ट्रस्टने ते रुग्णालयाला द्यायचे, ही वाट बंद आहे. त्याने थेट रुग्णालयाच्या एफसीआरए खात्यात, निधीचे नाव लिहून पैसे भरावेत. रक्कम पोहोचल्यावर ती कोणत्या निधीत जमा झाली, ते लेखी मागून घ्यावे.

देणगीपत्रात घालण्यासारखी आणखी एक अट आहे. मानकऱ्याने काम संपल्यावर एक पान मराठीत लिहून द्यावे: काय विचारले होते, काय सापडले, काय सापडले नाही. सापडले नाही तरी ते पान द्यावेच, त्याबद्दल पैसे परत मागू नयेत. संस्थेने ते विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात लावावे आणि एक प्रत तुमच्या घरी पाठवावी.